भरलेलें तळें आणि सांडलेलें पाणी

पाण्याचा संचय करावा, हा उपदेश आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. ‘थेंबें थेंबें तळें सांचे’ ही म्हण तर अक्षरें गिरवितांनाच पाठ होते. परंतु तळें सांचल्यावर पुढें काय, आणि तें भरल्यावरही वरून पाऊस पडतच राहिला तर त्या जास्तीच्या पाण्यानें जावें कोठें, याविषयीं ती म्हण कांहींच बोलत नाहीं. तो धडा आम्हांस आमच्या घरामागील तळ्यानें एका रात्रींत शिकविला. शिकवणीची फी थोडी जड पडली. पण धडा असा कीं, तो विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगितल्यावांचून राहवत नाहीं.

आमचें राहणें जुन्नर तालुक्यांतील राजुरी या गांवीं. हें गांव आळेफाट्याच्या पूर्वेस आहे. तालुक्याच्या पश्चिमेस, नाणेघाटाकडे, सह्याद्रीच्या माथ्यावर पावसानें थैमान मांडलेलें असतें, तेव्हां आमच्याकडे ढग पुष्कळदां केवळ सावली देऊन पुढें जातात. म्हणून पाणी सांठविण्याची ओढ इकडील माणसास फार. कुकडी प्रकल्पाचीं येडगांव, माणिकडोह, वडज, पिंपळगांव जोगे व डिंभे हीं धरणें झालीं. विहिरी खोल गेल्या. आणि राज्य सरकारनें २०१६ सालीं ‘मागेल त्याला शेततळें’ ही योजना काढल्यापासून शेततळ्यांची संख्या पुष्कळच वाढली. खोदलेला खड्डा, चहूंकडे मातीचा भराव व आंत अंथरलेला प्लॅस्टिकचा काळा कागद, हें दृश्य आतां मुलांच्या ओळखीचें झालें आहे. पुढें २०१८ सालीं जुन्नर हा पर्यटन तालुका म्हणून जाहीर झाला. तालुक्यांत पाहुण्यांसाठीं पोहण्याचे हौद व त्यांच्या कडेस जोपासलेली हिरवळ हींही कोठें कोठें दिसतात. तळें असो वा हौद असो, मुसळधार पावसांत दोहोंपुढें प्रश्न एकच उभा राहतो. आमच्यापुढें तो कसा उभा राहिला, तें प्रथम सांगतों.

त्या रात्रीं काय झालें

आमचें तळें तोंडाशीं तीन गुंठ्यांचें. तें घराच्या मागें, थोड्या उंचवट्यावर आहे. तळ्याच्या खालीं हरळीची हिरवळ, हिरवळीच्या खालीं बांध, आणि बांधापलीकडे शेजाऱ्यांचें शेत. गेल्या वर्षीं भाद्रपदांत, पुढें रब्बीस उपयोगी पडेल म्हणून, विहिरीचें पाणी सोडून आम्हीं तळें कांठोकांठ भरलें. पाणी व भरावाचा माथा यांत जेमतेम एक वीत अंतर राहिलें. एवढ्यानें समाधान न होऊन, वरच्या एकरभर रानांतून वाहणारा ओघळही चर खणून तळ्याकडे वळविला. जादा पाणी जावें म्हणून भरावांत चार इंची नळ बसविलेला होता. तळ्यांत मासे सोडले होते. ते निसटूं नयेत म्हणून नळाच्या तोंडास बारीक जाळी बांधली होती. ही सर्व तयारी करून आम्ही मोठ्या समाधानानें झोंपत होतों.

हस्त नक्षत्र लागलेलें होतें. दिवसभर उकाडा झाला. रात्रीं विजा चमकूं लागल्या आणि मग तासभर असा पाऊस कोसळला कीं, अंगणापलीकडचा गोठा दिसेना. मध्यरात्रीच्या सुमारास घराच्या मागील बाजूनें धबधब्यासारखा आवाज आला. बॅटरी घेऊन जाऊन पाहतों तों जाळीवर पाचट व पालापाचोळा यांचा थर बसून नळ बंद झालेला. आणि भरावाचा एक कोपरा जराशी माती दबून खालीं बसला होता, तेथून पाणी बाहेर पडत होतें. प्रथम त्याची धार हातभर रुंद होती. पाहतां पाहतां तिनें माती कापली, कागद फाटून लोंबूं लागला, आणि जवळजवळ अर्धें तळें त्या खिंडींतून खालीं गेलें.

सकाळीं उजाडल्यावर पाहिलें तर हिरवळीवर चार बोटें गाळ बसला होता. बांध फुटला होता. आणि बांधापलीकडे शेजाऱ्यांनीं जपून वाढविलेलें कांद्याचें रोप, जें आणखी पंधरवड्यानें लागणीस आलें असतें, तें वाफ्यांसकट वाहून गेलें होतें. शेजारी वयानें वडील, स्वभावानें शांत. त्यांनीं एकदां वाफ्यांकडे पाहिलें, एकदां तळ्याकडे पाहिलें, आणि एवढेंच विचारिलें, “गुरुजी, तळं भरलं तवा पाणी तुमचं, मग सांडलेलं पाणी कुणाचं?”

आम्ही वर्गांत मुलांस प्रश्न विचारतों, व उत्तर न आल्यास रागावतोंही. त्या सकाळीं आम्हांसच उत्तर देतां आलें नाहीं.

पावसाचा हिशेब

दोष पावसाचा, असें म्हणणें सोपें होतें. परंतु कागदावर हिशेब मांडला तेव्हां तसें म्हणण्यास जागा उरली नाहीं. हा हिशेब सहावीच्या मुलासही करतां येईल.

एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद जागा. तिचें क्षेत्रफळ सुमारें १०१ चौरस मीटर भरतें. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे बरोबर एक लिटर पाणी होतें. म्हणून नियम असा ध्यानांत ठेवावा कीं, एका गुंठ्यावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारें १०० लिटर पाणी.

आतां समजा, एका तासांत ५० मिलिमीटर, म्हणजे सुमारें दोन इंच, पाऊस झाला. तीन गुंठ्यांच्या तळ्यावर सरळ पडलेलें पाणी १५,००० लिटर होईल. हा आंकडा मोठा वाटतो. परंतु त्यानें तळ्याची पातळी पांच सेंटिमीटरच वाढेल, कारण पाऊसच तेवढ्या उंचीचा पडला आहे. नुसत्या या पाण्यास आमची एक वीत मोकळी जागा सहज पुरली असती. घात केला तो वळविलेल्या ओघळानें. एक एकर म्हणजे ४० गुंठे. त्यांवर ५० मिलिमीटर पाऊस म्हणजे २,००,००० लिटर पाणी. त्यांतील अर्धें जमिनींत मुरलें असें धरलें तरी १,००,००० लिटर तळ्यांत येतें. तीन गुंठ्यांवर तें पसरलें म्हणजे पातळी आणखी ३३ सेंटिमीटर चढते. दोन्ही मिळून ३८ सेंटिमीटर, म्हणजे सव्वा फूट. आणि मोकळी जागा किती? एक वीत, म्हणजे पाऊण फूट! तळें सांडणार हें पावसापूर्वींच ठरलेलें होतें. आम्हींच गणित केलेलें नव्हतें.

नळाचाही हिशेब पाहावा. वरील सर्व पाणी, म्हणजे १,१५,००० लिटर, एका तासांत आलें तर दर सेकंदास सुमारें ३२ लिटर होतें. चार इंची नळावर फूटभर पाणी चढलें असतां, जाळी अगदीं स्वच्छ असूनही, त्यांतून सेकंदास ११ लिटरांच्या आसपासच पाणी जातें. म्हणजे जाळी तुंबली नसती तरी तो नळ निम्म्यासही पुरला नसता.

विद्यार्थ्यांनीं आपल्या घरच्या तळ्याचा, हौदाचा अथवा नुसत्या छपराच्या पन्हळीचा असा हिशेब करून पाहावा. पाऊस मोजण्यास सरळ उभ्या कडांचें, सपाट बुडाचें कोणतेंही भांडें चालतें. तें उघड्या जागीं, झाडाछपरापासून दूर ठेवावें, व पाऊस थांबतांच आंतील पाण्याची उंची मोजपट्टीनें मिलिमीटरांत मोजावी.

कातळांतील टाकीं व मातीचा बांध

तळें सांडलें एवढ्यानें तें फुटावें कां, असा प्रश्न कोणी विचारील. आपल्याच तालुक्यांत याचें उत्तर आहे. शिवनेरी किल्ल्यावरील गंगा-जमुना हीं टाकीं मुलांनीं सहलीच्या वेळीं पाहिलीं असतील. लेण्याद्रीच्या लेण्यांपाशींही अशीं टाकीं आहेत. तीं अखंड कातळांत कोरलेलीं आहेत. असें टाकें भरून वाहिलें तरी कातळाचा कांठ पाण्यानें विरघळत नाहीं. म्हणून शेंकडों पावसाळे झेलून तीं टिकून राहिलीं. मातीच्या भरावाची गोष्ट निराळी. भरावावरून पाणी ओसंडूं लागलें कीं, तें उतरतांना वेग घेतें, वेगाबरोबर मातीचे कण उचलतें, आणि जेथून कण उचलले तेथें खांच पडते. खांच पडली कीं तिच्याकडे अधिक पाणी ओढलें जातें. अधिक पाणी आलें कीं खांच अधिक खोल होते. हें चक्र एकदां सुरू झालें म्हणजे फावडें घेऊन धांवणाऱ्या माणसास तें थांबवितां येत नाहीं. म्हणून मातीच्या बांधाचा पहिला नियम हा कीं, पाणी त्याच्या माथ्यावरून कधींही जाऊं देऊं नये.

पुणें जिल्ह्यांतील वृद्ध मंडळींस याचें मोठें उदाहरण ठाऊक आहे. पानशेतचें मातीचें धरण, बांधकाम पुरतें आटोपण्यापूर्वींच, १२ जुलै १९६१ रोजीं फुटलें. त्याच्या लोंढ्यानें खालचें खडकवासल्याचें जुनें दगडी धरणही फुटलें, आणि पुण्याच्या नदीकांठच्या पेठांत हाहाकार उडाला.

दुसरें उदाहरण दूरदेशचें आहे. परंतु तें वाचतांना आम्हांस आपल्या तळ्याची जाळी आठवल्यावांचून राहिली नाहीं. अमेरिकेंतील पेन्सिल्व्हेनिया राज्यांत जॉन्सटाउन नांवाचें शहर आहे. त्याच्या वरच्या अंगास साउथ फोर्क येथें एक मातीचें धरण होतें. धनिक लोकांच्या एका मंडळानें तेथील सरोवर मासेमारी व जलविहार यांसाठीं घेतलें. धरणाच्या माथ्याची उंची कमी करण्यांत आली. तळाचे नळ पूर्वींच काढून टाकले होते, ते पुन्हां बसविले नाहींत. आणि मासे निसटूं नयेत म्हणून सांडव्यांत जाळ्या लावल्या. ३१ मे १८८९ रोजीं अतिवृष्टि झाली. जाळ्यांत केरकचरा अडकला, पाणी धरणावरून वाहूं लागलें, धरण फुटलें, आणि खालच्या खोऱ्यांतील २,२०९ माणसें प्राणास मुकलीं. कोठें तें सरोवर आणि कोठें आमचें तीन गुंठ्यांचें तळें! तथापि चूक तीच होती: मासे राखावयाचे म्हणून पाण्याची वाट बंद केली.

सांडवा कसा असावा

यंदा उन्हाळ्यांत आम्हीं तळें दुरुस्त करविलें, तेव्हां पहिलें काम सांडव्याचें केलें. जाणत्या माणसांस विचारून व थोडें वाचून जें शिकलों, तें येथें क्रमानें देतों.

सांडव्याची जागा भरावावर निवडूं नये. भरावाची माती ओतलेली असते. ती कितीही चोपली तरी मूळ जमिनीइतकी घट्ट होत नाहीं. ज्या बाजूस मूळ जमीन उंच आहे तेथें, न हललेल्या मातींत अथवा मुरमांत, सांडवा कोरावा.

सांडव्याचें बूड भरावाच्या माथ्यापेक्षां निदान दीड फूट खालीं असावें. येथें माथा म्हणजे भरावाची सर्वांत सखल जागा, हें विसरूं नये. कारण पाणी आपल्या नजरेनें चालत नाहीं, तें सखल जागा शोधून काढतें. गवंडी लोक पाणी भरलेली पारदर्शक नळी घेऊन दोन ठिकाणांची पातळी पाहतात. तीच नळी घेऊन भरावाभोंवतीं एक फेरी मारावी. आमचा जो कोपरा फुटला तो डोळ्यांस इतर भरावासारखाच दिसत होता.

सांडवा उघडा, रुंद व उथळ असावा. केवळ नळावर विसंबूं नये. एक मीटर रुंदीच्या उघड्या सांडव्यावरून दहा सेंटिमीटर जाडीचें पाणी वाहूं लागलें म्हणजे सेकंदास ५० लिटरांच्या आसपास पाणी निघून जातें. म्हणजे आमच्या हिशेबांतील ३२ लिटरांस तो पुरून उरतो. शिवाय पाण्याची जाडी दुप्पट झाली तर जाणारें पाणी दुपटीपेक्षांही पुष्कळ अधिक, जवळजवळ पावणेतीनपट, होतें. नळाचें तसें नाहीं. नळ एकदां तोंडभर भरला कीं, वरचें पाणी कितीही वाढो, त्याची चाल फारशी वाढत नाहीं. आणि एक पाचटाची पेंढी त्यास बंद करूं शकते.

सांडव्याच्या उंबऱ्यावर तळ्याचा कागद नीट वळवून घ्यावा व त्यावर दगड बसवावे. पुढील चर मंद उताराचा ठेवून त्यांत हरळी लावावी. हरळीचीं मुळें मातीस जाळ्यासारखीं धरून ठेवतात. जेथें पाणी उंचावरून खालीं पडतें तेथें मात्र गवत पुरत नाहीं. तेथें मोठे दगड रचावे, म्हणजे पडणाऱ्या पाण्याचा जोर दगडांवर मोडतो.

मासे राखण्यासाठीं जाळी हवीच असेल, तर ती सांडव्याच्या तोंडावर ताणून बांधूं नये. तोंडापासून दूर, पाण्यांत अर्धवर्तुळाकार, मोठ्या भोकांची व लांबलचक जाळी उभी करावी. म्हणजे कांहीं भागावर केर बसला तरी उरलेल्या भागांतून पाणी जाऊं शकेल. आणि पावसाळ्यांत ती रोज साफ करावी. हें काम आतां आमच्या घरीं मुलांकडे नव्हे, आमच्याकडेच आहे.

ओघळ तळ्यांत घेतला असेल तर त्याच्या मुखाशीं फळी टाकून तो बंद करतां येईल अशी सोय करावी, आणि तळ्यांत येण्यापूर्वीं पाणी एका लहान खड्ड्यांत थांबेल असें करावें; म्हणजे गाळ तेथेंच बसतो. पावसाळ्याच्या अखेरीस परतीचा पाऊस व्हावयाचा असतांना पंपानें तळें कांठोकांठ भरण्याची घाई करूं नये. मोकळी ठेवलेली जागा वायां गेली असें वाटतें. वास्तविक ती येणाऱ्या पावसासाठीं राखलेली असते.

शेवटचें आणि सर्वांत महत्त्वाचें: सांडव्याचा चर ओघळास अथवा ओढ्यास नेऊन मिळवावा. तो शेजाऱ्याच्या बांधाशीं आणून सोडला तर सांडवा झाला असें होत नाहीं. आपली अडचण दुसऱ्याच्या शेतांत ढकलली, एवढेंच होतें.

पाऊस थांबल्यावर

पाऊस थांबला कीं, काय झालें तें पाहण्यास मुलें प्रथम धांवतात. त्यांस आमची कळकळीची सूचना आहे कीं, भरलेल्या तळ्याच्या भरावावर जाऊं नये. माती आंतून ओली व ढिली झालेली असते. आणि कागद इतका निसरडा असतो कीं, पट्टीच्या पोहणाऱ्यासही त्यावरून वर चढतां येत नाहीं. पालकांनीं तळ्याभोंवतीं कुंपण घालावें, आणि चारी बाजूंस जाड दोर, गांठी मारून, पाण्यांत सोडून ठेवावे. त्यांचीं वरचीं टोकें मजबूत खुंटांस बांधलेलीं असावीं. शंभर सूचनांपेक्षां असा एक दोर अधिक उपयोगी पडतो. कोणी पाण्यांत पडलें तर मागोमाग उडी घालूं नये. दोर, लांब बांबू अथवा हवा भरलेली ट्यूब फेंकावी व ओरडून मोठ्या माणसांस बोलवावें.

तळ्यास धोका दिसतांच तें एकदम उपसून रिकामें करावें, असें मनांत येतें. तेंही चुकीचें आहे. मुसळधार पावसानंतर भरावाच्या पोटांत व कागदाच्या मागें पाणी मुरलेलें असतें. आंतील पाणी त्यास दाबून धरतें. तें दडपण एकाएकीं काढून घेतलें तर मागचें पाणी कागद फुगवितें, किंवा ओला भराव आंत घसरतो. पोहण्याच्या बांधीव हौदाचीही हीच गोष्ट आहे. भोंवतालची जमीन पाण्यानें भरलेली असतांना हौद अगदीं रिकामा केला तर खालून पाण्याचा दाब येऊन त्याची फरशी तडकते, आणि हलका हौद असेल तर तो नावेसारखा वर उचललाही जातो. म्हणून पातळी बेताबेतानें, थोडी थोडी उतरवावी.

पोहण्याच्या हौदाच्या पाण्यांत जंतुनाशक क्लोरीन असतें. तें पाणी ताजें असतां गवतावर अथवा ओढ्यांत सोडूं नये. गवताचे शेंडे जळतात व मासे मरतात. क्लोरीन घालणें बंद करून पाणी कांहीं दिवस उन्हांत उघडें ठेवावें, चांचणीच्या पट्टीनें क्लोरीन उरलें नाहीं याची खात्री करावी, आणि मगच तें सोडावें. उलटपक्षीं, ज्या हौदांत पावसाचें गढूळ पाणी शिरलें तेथें क्लोरीन पातळ झालेलें असतें. म्हणून गाळ काढून, पाणी पुन्हां शुद्ध केल्यावांचून मुलांस त्यांत उतरूं देऊं नये.

हिरवळीची शुश्रूषा

आतां हिरवळीकडे वळूं. पाण्याखालीं गेलेलें गवत पिवळें कां पडतें? पाणी तर वनस्पतीचें जीवन. मग त्याच पाण्यानें ती कां मरावी? कारण हें कीं, मुळांस जसें पाणी लागतें तशी हवाही लागते. मातीच्या कणांमध्यें बारीक पोकळ्या असतात. त्यांपैकीं कांहींत पाणी व कांहींत हवा असते. सर्व पोकळ्या पाण्यानें भरल्या कीं, मुळांचा श्वास कोंडतो. तीं अन्न शोषूं शकत नाहींत, आणि भोंवतीं अन्न असूनही वनस्पति उपाशी राहते. हरळी कांटक, ती थोडे दिवस पाण्याखालीं राहूनही पुन्हां फुटते. लसूणघासास मात्र सांचलेलें पाणी मुळींच सोसत नाहीं. म्हणून गुरांसाठीं घासाचे वाफे करणाऱ्यांनीं ते तळ्याच्या खालच्या सखल जागेंत करूं नयेत.

उपाय करतांना पहिलें औषध म्हणजे धीर. पाणी चर काढून वाटेस लावावें. पण गवतावर पाय देऊं नये. ओल्या मातीवर चालल्यानें उरल्यासुरल्या पोकळ्याही मिटतात, आणि काळ्या जमिनींत तर पावलांचे ठसे वाळून विटेसारखे होतात. शेतकरी ज्यास वाफसा म्हणतात, तो येईपर्यंत थांबावें. मूठभर माती घेऊन दाबावी. तिचा चिखल न होतां ती बोटांनीं मोडल्यावर भुसभुशीत सुटली, म्हणजे वाफसा आला असें समजावें.

वाफसा आल्यावर दांताळ्यानें गाळाचा थर हळूहळू ओढून काढावा. तो सुपीक असतो हें खरें, परंतु गवताच्या डोक्यावर बसला तर त्यास गुदमरवितो. तोच भाजीच्या वाफ्यांत टाकला तर सोन्यासारखा. नंतर लोखंडी कांट्यानें अथवा पहारीच्या टोकानें वीत वीत अंतरावर चार-पांच इंच खोल भोकें पाडावीं व त्यांत जाडी रेती सारावी. त्या वाटेनें हवा मुळांपाशीं पोंचते. गवत पिवळें दिसलें म्हणून लगेच युरिया टाकूं नये. श्वास कोंडलेल्या मुळांस तो घेतां येत नाहीं, आणि पुढच्या सरीबरोबर तो ओढ्यांत जातो. नवे हिरवे कोंब दिसूं लागले कीं, मग चांगलें कुजलेलें शेणखत पातळ पसरावें. पहिल्या कापणींत गवत उंच ठेवावें. आमची हिरवळ याच उपचारानें दिवाळीनंतर पुन्हां हिरवी दिसूं लागली.

आणखी एक गोष्ट. खळग्यांत, टायरांत, कुंड्यांच्या बशांत राहिलेलें पाणी आठवड्यांतून एकदां तरी निपटून काढावें. डासाच्या अंड्यापासून उडणारा डास होण्यास या दिवसांत सुमारें आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्याची ही शिस्त पाळली तर डेंग्यूसारख्या रोगांस पुष्कळ आळा बसतो.

शेजाऱ्यांच्या प्रश्नाचें उत्तर

असो. आतां त्या प्रश्नाकडे परत येतों: सांडलेलें पाणी कोणाचें?

या प्रश्नाचा विचार पूर्वीं न्यायालयांतही झालेला आहे. इंग्लंडांतील लँकेशायर परगण्यांत एका गिरणीवाल्यानें आपल्या गिरणीसाठीं तलाव बांधविला. तलावाखालीं जुन्या खाणीचे बुजलेले मार्ग होते. १८६० सालीं तलाव भरत असतांना पाणी त्या मार्गांनीं शेजाऱ्याच्या कोळशाच्या खाणींत शिरलें. गिरणीवाल्यानें जाणूनबुजून कांहीं केलें नव्हतें. काम कंत्राटदारांनीं केलें होतें. तरीही १८६८ सालीं तेथील सर्वोच्च न्यायपीठानें तोच जबाबदार असल्याचा निर्णय दिला. निसटलें असतां दुसऱ्याचें नुकसान करील अशी वस्तु जो आपल्या जमिनींत आणून सांठवितो, त्यानें ती संभाळलीही पाहिजे, असें त्या निर्णयाचें सार आहे. आपल्याकडील १८८२ च्या सुविधाधिकारांच्या कायद्यांतही असें तत्त्व आहे कीं, वरच्या जमिनीवर पडलेलें पावसाचें पाणी स्वाभाविक उतारानें खालीं येऊं लागलें तर खालच्यानें तें अडवूं नये. परंतु स्वाभाविक उतारानें येणारें पाणी निराळें, आणि आम्हीं चर खणून वळविलेलें, तळ्यांत कोंडलेलें व मग एका रात्रींत सुटलेलें पाणी निराळें. पहिलें पावसाचें, दुसरें आमचें.

हें सर्व वाचण्यापूर्वींच, त्याच आठवड्यांत, आम्हीं शेजाऱ्यांच्या घरीं गेलों. “काका, सांडलेलं पाणीही आमचंच,” एवढें म्हटलें. रोप विकत आणून दिलें, बांध घालून दिला. काकांनीं रोप घेतलें. पैसे देऊं केले ते मात्र घेतले नाहींत. म्हणाले, “पैशाचं राहूं द्या. पाण्याची वाट तेवढी काढा.”

ती वाट काढतांना त्यांनाच बरोबर घेतलें. जुना ओघळ कोठून जात होता हें त्यांच्या स्मरणांत होतें. आमच्या नकाशांत नव्हतें. यंदाही हस्ताचा पाऊस झाला. बॅटरी घेऊन आम्ही बाहेर आलों, तों काका आधींच बांधावर, डोक्यावर पोतें घेऊन उभे होते. सांडव्यावरून पाण्याची रुंद, पातळ चादर शांतपणें वाहत होती; हरळीच्या चरांतून ती ओघळास मिळत होती, आणि ओघळ ओढ्यास. भरावाची माती जागची हलली नव्हती. काका कांहीं बोलले नाहींत. थोडा वेळ पाहून घरीं गेले. आमच्या मतें परीक्षेचा निकाल याहून चांगला लागत नाहीं.

विद्यार्थ्यांनो, तुम्ही पुढें मोठे व्हाल, घरें बांधाल, विहिरी खणाल, तळीं कराल. सांठवणें हा गुण आहे, तो अवश्य अंगीं बाणवा. पण तळ्याची जागा आंखण्यापूर्वीं सांडव्याची जागा आंखा, आणि सांडव्याची वाट ज्याच्या बांधावरून जाणार असेल त्यास आधीं विचारा. भरलेल्या तळ्याची शोभा सर्वांनाच दिसते. त्याचें सांडलेलें पाणी कोणाच्या दारीं जातें, हें पाहणें तळ्याच्या मालकाचें काम आहे.